सोंग आणि स्वत्व : मराठी साहित्यातील पारलिंगी किशोरवयाचा इतिहास

सारांश

प्रस्तुत निबंधात पारलिंगी व्यक्तींच्या किशोरवयाचे चित्रण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात आणि मराठी साहित्यात कसकसे होत गेले, याचा आढावा घेतला आहे. धर्मशास्त्र, वसाहतकालीन कायदा, लोकनाट्य, देवाला मूल सोडण्याची प्रथा, कादंबरी आणि आत्मकथन या टप्प्यांतून पाहता असे दिसते की, या वयाच्या मुलाविषयी इतरांनी पुष्कळ ठरविले. त्या मुलाचे स्वतःचे बोलणे मात्र फार उशिरा नोंदले गेले. ते नोंदले गेले तेही प्रौढ वयातील आठवणींच्या रूपाने. इंग्रजीतील किशोर-कादंबरीने २००४ नंतर जो प्रवास केला, त्याच्याशी तुलना करून मराठी कुमारसाहित्यापुढील प्रश्न येथे मांडला आहे. विवेचनाचा स्थानिक संदर्भ म्हणून महाड-पोलादपूर परिसर, विशेषतः कापडे हे गाव, नजरेसमोर ठेवले आहे.

बीजसंज्ञा : पारलिंगी, तृतीयपंथी, किशोरवय, आत्मस्वीकार, कुमारसाहित्य, सोंग, महाड

प्रस्तावना

पारलिंगी व्यक्तींविषयीचे लेखन मराठी वाचकाला आता अपरिचित राहिलेले नाही. आत्मकथन, कविता, कादंबरी, नाटक आणि चित्रपट या सर्व माध्यमांतून हा विषय गेल्या काही दशकांत पुढे आला. परंतु हे लेखन प्रायः प्रौढांनी प्रौढांसाठी केलेले आहे. आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत, ही जाणीव मात्र पुष्कळदा बालवयात किंवा किशोरवयातच होते. ज्या वयात प्रश्न पडतो त्या वयाला उद्देशून आपल्या भाषेत काय लिहिले गेले, हा म्हणूनच केवळ साहित्याचा प्रश्न नसून सामाजिक इतिहासाचाही प्रश्न ठरतो.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष या दोन रकान्यांबाहेर ‘इतर’ अशी नोंद प्रथमच घेण्यात आली. देशात ही संख्या ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ होती. देशाच्या आकड्यात सहा वर्षांखालील ५४,८५४ बालकांचाही समावेश होता. ही नोंद घरच्या मोठ्या माणसांनी सांगितलेली असल्यामुळे तिच्यावरून निश्चित अनुमान काढणे धोक्याचे आहे. तथापि एक गोष्ट तिने अधोरेखित केली, ती ही की, हा केवळ प्रौढांचा समुदाय नाही. २०११ साली जे मूल पाच-सहा वर्षांचे होते, ते आज आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत बसण्याच्या वयाचे झाले आहे.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी पोलादपूर तालुक्यात कापडे हे गाव आहे. भातशेती आणि मुंबईची नोकरी या दोहोंवर संसार चालविणाऱ्या कोकणातील असंख्य गावांपैकी ते एक. मोठ्या शहरांतील संस्था, समुपदेशक किंवा आधारगट येथून दूर आहेत. अशा गावातील पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती प्रथम पडेल ते शाळेचे किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे पुस्तक आणि त्याला घराबाहेर प्रथम भेटेल ते प्रौढ माणूस म्हणजे शिक्षक. हा कल्पित वाचक पुढील विवेचनात सतत समोर ठेवला आहे. हा परिसर निवडण्यामागे दुसरेही कारण आहे. ज्या महाडमध्ये १९२७ साली मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न पाण्याच्या निमित्ताने उभा राहिला, ते महाड कापड्याच्या शेजारच्या तालुक्यात आहे आणि त्या घटनेचा आपल्या विषयाशी असलेला धागा सहसा लक्षात घेतला जात नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. पारलिंगी किशोरवयाविषयी धर्मशास्त्र व कायदा यांनी घेतलेल्या भूमिकांचा ऐतिहासिक क्रम पाहणे.
२. लोकनाट्य, रंगभूमी व कथात्म साहित्य यांतील चित्रणाचे स्वरूप तपासणे.
३. आत्मकथनांमुळे झालेला बदल आणि कुमारसाहित्यापुढील अपेक्षा स्पष्ट करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. संज्ञा आणि व्याकरण

मराठीत या समुदायासाठी जे शब्द रूढ झाले, त्यांतील बहुतेक इतरांनी दिलेले आणि पुष्कळसे शिवीसारखे वापरले गेलेले आहेत. ‘हिजडा’ हा शब्द समुदायाच्या स्वतःच्या परंपरेतही आहे. परंतु गावात आणि वर्गात तो अवहेलनेचाच राहिला. ‘शिखंडी’ आणि ‘बृहन्नडा’ ही महाभारतातील नावे. त्यांपैकी एक द्रुपदाचे लढवय्ये अपत्य, तर दुसरे अज्ञातवासातील अर्जुनाचे रूप. असे असूनही व्यवहारात ती टोमण्याची साधने झाली. ‘तृतीयपंथी’ हा शब्द शासनव्यवहारात आणि वृत्तपत्रांत रुळला. ‘पारलिंगी’ हा त्या मानाने अलीकडचा शब्द असून जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख यांत अंतर असणे, एवढाच अर्थ त्यातून व्यक्त होतो.

शब्दांपेक्षाही व्याकरणाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदन करणाऱ्याचे लिंग क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यांपैकी एक निवडल्याखेरीज साधे वाक्यही पूर्ण करता येत नाही. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या पारलिंगी मुलाचा संघर्ष पोशाख किंवा नाव यांच्याही आधी क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात सुरू होतो. चारचौघांत एक रूप वापरायचे आणि मनात दुसरे, अशी दुहेरी भाषा ते मूल जगते.

याच भाषेत सामावून घेण्याच्या जागाही आहेत. ‘मूल’, ‘बाळ’, ‘पोर’, ‘लेकरू’ हे शब्द नपुंसकलिंगी असून जिव्हाळ्याने वापरले जातात. कोल्हापूरकडच्या बोलीत मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. म्हणजे व्याकरणाचा नियम वाटतो तितका निसर्गदत्त नाही. तो प्रदेशाच्या संकेतावर अवलंबून आहे.

२. वारसा, वसुली आणि कायदा

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी त्यासंबंधीचा ठराव मांडला होता. अस्पृश्यता आणि शूद्र व स्त्रिया यांच्यावरील बंधने हा त्या दहनाचा मुख्य संदर्भ होय. परंतु त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळलेल्यांची जी यादी आहे, तिच्या आरंभीच ‘क्लीब’ हा शब्द येतो. त्याच्या जोडीला पतित, जन्मांध, बधिर, मुके, उन्मत्त यांची गणना आहे. त्यांना वाटा नाही, फक्त अन्नवस्त्र द्यावे, असा त्या विधानाचा आशय आहे.

‘क्लीब’ म्हणजे आजच्या अर्थाने पारलिंगी, असे सरळ समीकरण मांडणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही. ज्याच्याकडून वंशवृद्धी होणार नाही अशा पुरुषाला ती संज्ञा लावली जाई. मात्र घराच्या रचनेत त्या व्यक्तीचे स्थान काय, हे त्यावरून स्पष्ट होते. पोसण्यास योग्य, पण वारस होण्यास अयोग्य. आजही घरातील ‘वेगळ्या’ मुलाविषयी जी चर्चा दबक्या आवाजात चालते, तिच्यात वंश, जमीन आणि लग्न हेच विषय अग्रभागी असतात. अशा वंचनांपैकी बहुतेक १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने मिताक्षरा परंपरेपुरत्या दूर केल्या. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, व्यंग वा वैगुण्य यांच्या आधारावर कोणालाही वारशातून वगळता येणार नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे महाडच्या दहनानंतर सुमारे तीन दशकांत ती यादी कायद्याच्या पुस्तकातून गेली. मनातून ती कितपत गेली, हा निराळा प्रश्न आहे.

मराठा राज्यव्यवस्थेने या समुदायाकडे काहीशा वेगळ्या दृष्टीने पाहिले होते. दख्खनमधील काही हिजड्यांकडे सनदा होत्या. ठरावीक गावांतून भिक्षा किंवा अल्प हक्क वसूल करण्याचा अधिकार त्यांद्वारे त्यांना मिळालेला होता. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या हक्कांचा आणि मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात त्यांचा आधार कसा काढून घेतला याचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना वतनाची ही कल्पना अनैतिक वाटली. परंपरेने दिलेले स्थान प्रतिष्ठेचे होते असे म्हणता येणार नाही. पण ते स्थान होते. नव्या राज्याने ते काढून घेतले आणि त्याऐवजी दुसरे काही दिले नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग याच वर्गाविषयी होता. त्याची अंमलबजावणी प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानात झाली. तरी त्यामागील विचार समजून घेणे आवश्यक आहे. या भागात नोंदवही ठेवण्याची, सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात वावरल्यास शिक्षेची आणि दत्तक घेण्यास मनाईची तरतूद होती. सोळा वर्षे पूर्ण न झालेला मुलगा नोंदणीकृत व्यक्तीच्या घरी आढळल्यास तिला शिक्षा होई. अशा मुलाला आईबापांकडे परत पाठविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला होता. किशोरवयाचा कायदेशीर उल्लेख येथे येतो तो या रूपात. मुलांचे अपहरण आणि शोषण रोखणे हा हेतू सांगितला गेला व तो सर्वस्वी निराधार होता असेही नाही. परंतु एखादे मूल घरात मार खाऊन, हेटाळणी सोसून, आपल्यासारख्यांच्या शोधात स्वतःहून तेथे आले असेल, ही शक्यता कायद्याने विचारातच घेतली नाही. त्या मुलाला काही विचारण्याची तरतूद नव्हती.

३. सोंगाला जागा

कायद्याने जे नाकारले त्याचे एक रूप लोकजीवनात उघडपणे नांदत होते. कोकणातील नमन-खेळ्यांत राधा आणि गवळणी यांची सोंगे पुरुषच घेत आले. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि एखादा मिसरूड फुटलेला मुलगा नऊवारी नेसून, पायांत चाळ बांधून नाचतो तेव्हा सगळा गाव कौतुकाने पाहतो. होळी झाल्यावर लुगडे घडी घालून ठेवायचे आणि त्याने पुन्हा मुलगा व्हायचे, हा त्यातील अलिखित करार असतो. ज्यांनी हे सोंग घेतले ते सर्व पारलिंगी होते असे मुळीच नाही. बहुतेकांच्या दृष्टीने ती एक कला आणि मौज होती. पण एखाद्याला ते सोंग वाटतच नसेल, उलट वर्षाचे उरलेले दिवसच सोंग वाटत असतील, तर त्याच्यासाठी या करारात तरतूद नव्हती.

नागर रंगभूमीवर हीच गोष्ट अधिक वैभवाने घडली. नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७) हे १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. शकुंतला, भामिनी, सिंधू या त्यांच्या भूमिकांनी एका पिढीच्या सौंदर्यकल्पना घडविल्या. घरंदाज स्त्रिया त्यांच्या वेषभूषेचे अनुकरण करीत. स्त्री कशी दिसावी हे मराठी समाज एका पुरुष नटाकडून शिकत होता आणि त्यात त्याला विसंगती जाणवत नव्हती. रंगमंचाची चौकट होती, म्हणूनच ही मान्यता मिळाली.

ती चौकट मोडली की काय होते, ते आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीत दिसते. तमाशात नाच्याची भूमिका स्वीकारणारा गुणा हा पारलिंगी नाही. तो कलेसाठी सोंग घेतो. परंतु समाज त्या सोंगालाच त्याची ओळख ठरवून शिक्षा करतो. या कादंबरीवरचा रवी जाधव दिग्दर्शित चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. त्याच दिग्दर्शकाने २०२३ साली श्रीगौरी सावंत यांच्या जीवनावर ‘ताली’ ही हिंदी मालिका केली. तिचा प्रारंभ लहानपणापासून आहे. एकाच दिग्दर्शकाच्या या दोन कलाकृतींमध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे. पहिलीत लादलेल्या ओळखीचे दुःख आहे, तर दुसरीत नाकारलेल्या ओळखीचा लढा आहे. मराठी समाजाच्या दृष्टीत या काळात झालेल्या स्थित्यंतराची ती एक खूण मानता येईल.

४. देवाला सोडलेले मूल

दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात यल्लमाला मुली सोडण्याची प्रथा होती, तशी काही मुलग्यांनाही जोगता करण्याची होती. केसांत जट आढळली, आजार हटला नाही किंवा नवस फेडायचा राहिला, अशा कारणांनी मुलाला लुगडे नेसवून, गळ्यात दर्शन बांधून देवीच्या सेवेला लावले जाई. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याची व्याख्या स्त्रियांपुरती होती; तीत हा मुलगा नव्हता.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे जग मराठी साहित्यात आणले. त्यांवर आधारित ‘जोगवा’ हा राजीव पाटील दिग्दर्शित चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला व त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यातील तायप्पाला लुगडे नको आहे. त्याच्या दृष्टीने मुक्ती म्हणजे लादलेले स्त्रीत्व झुगारणे होय. येथे वाचकाची एक गल्लत होण्याचा संभव आहे. ‘जोगवा’ पाहून स्त्रीवेषातील प्रत्येक मुलावर अन्याय झाला आहे, त्याला पुन्हा पुरुष केले की प्रश्न सुटला, असा निष्कर्ष काढला जातो. पण ज्या मुलाला लुगडे मनापासून हवे आहे त्याच्यावर धोतर लादणे, हाही त्याच जातीचा अन्याय आहे. जोगता झालेल्यांत दोन्ही प्रकारची माणसे होती. काहींवर ती ओळख लादली गेली, तर काहींना देवीच्या आश्रयाने मनाजोगते जगता आले. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच आहे, ती म्हणजे निर्णयात त्या मुलाचा शब्द होता की नव्हता.

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही महाविद्यालयीन विद्यार्थिनी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. विषय समलिंगी आकर्षणाचा असला, तरी स्त्रीत्वाच्या ठरीव चौकटीत न मावणारी तरुण मुलगी एवढ्या प्रामाणिकपणे मराठी रंगमंचावर क्वचितच आली असेल. दोन गोष्टी मात्र लक्षणीय आहेत. तिची गोष्ट ती स्वतः सांगत नाही, तिचा मित्र बापू सांगतो. आणि त्या गोष्टीचा शेवट आत्मनाशात होतो. सहानुभूती आहे, पण भविष्य नाही. पंधराव्या वर्षी हे नाटक वाचणाऱ्या ‘वेगळ्या’ मुलाला आपल्यासारखे कोणी होते हा दिलासा त्यातून मिळेल, आणि आपल्यासारख्याचे असेच होते, ही भीतीही त्यातूनच मिळेल.

५. ‘मी’चे आगमन

हे चित्र बदलण्यास संघटित प्रयत्नांची पार्श्वभूमी लाभली. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्टची स्थापना केली आणि लैंगिकतेविषयी मराठीतून सातत्याने लेखन केले. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी एका समलिंगी तरुणाच्या आत्मशोधाची आहे. शास्त्रीय माहिती मराठीत उपलब्ध होणे, हेच त्या काळी मोठे काम होते.

२०१२ साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. वैशाली रोडे यांनी त्याचे शब्दांकन केले आहे. ठाण्यात वाढलेल्या, नृत्याची ओढ असलेल्या, लहान वयात अत्याचार सोसलेल्या मुलाची ही कहाणी आहे. तिचा बराच भाग शालेय आणि महाविद्यालयीन वयाविषयी आहे. शाळकरी वयात अशोक राव कवी यांच्याशी झालेली भेट हा त्यातील निर्णायक प्रसंग होय. तुझ्यात विकृत असे काही नाही, तू शिक, हा त्या भेटीचा सारांश. एका प्रौढाने वेळेवर उच्चारलेल्या एवढ्याशा वाक्याने एका आयुष्याची दिशा बदलली. पुस्तकाच्या शीर्षकातील दोनदा आलेला ‘मी’ हाही योगायोग मानता येत नाही. जो शब्द शिवी म्हणून फेकला गेला होता, तो येथे स्वतःहून उचललेला आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी लिंगओळख ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. त्रिपाठी या खटल्यात हस्तक्षेपक होत्या आणि बालपणापासून त्यांनी भोगलेल्या छळाची नोंद निकालपत्रात घेण्यात आली. १८७१ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाविषयी त्याला न विचारता निर्णय केला होता. २०१४ मध्ये ठाण्याच्या एका मुलाची आठवण न्यायालयाने पुरावा म्हणून ऐकली. प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने हे स्थित्यंतर सर्वांत महत्त्वाचे आहे.

२०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचे संरक्षण करणारा कायदा संसदेने संमत केला. त्याच्या मूळ स्वरूपात, अल्पवयीन मुलाच्या वतीने ओळखपत्राचा अर्ज पालकाने करावा आणि केवळ पारलिंगी आहे या कारणाने कोणत्याही बालकाला न्यायालयाच्या आदेशाविना पालकांपासून वेगळे करू नये, अशा तरतुदी होत्या. घर हेच मुलाचे आश्रयस्थान, हे गृहीतक त्यामागे आहे. ज्या घरात आश्रयाऐवजी मारहाण आहे, तेथील मुलाचा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. येथेच कायद्याची मर्यादा संपते आणि साहित्याचे व शिक्षणाचे काम सुरू होते.

दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह या प्रवासातील पुढचा टप्पा मानता येईल. त्यांच्या लेखनात लिंगओळखीचा प्रश्न जात, गरिबी आणि भटके जीवन यांपासून वेगळा काढलेला नाही. आत्मस्वीकार ही केवळ मनाची अवस्था नसून तो प्रतिष्ठेचा सामाजिक लढा आहे, ही जी जाणीव त्यात आहे तिचे नाते महाडच्या परंपरेशी सहज जुळते.

६. किशोर-कादंबरी : तुलना आणि उणीव

इंग्रजीत किशोरांसाठी स्वतंत्र कादंबरीप्रकार विकसित झाला असून पारलिंगी पात्रे तेथेही उशिराच आली. ज्युली अ‍ॅन पीटर्स यांची ‘लूना’ ही कादंबरी २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिची निवेदिका पारलिंगी मुलीची बहीण आहे. म्हणजे आरंभी तेथेही दुसऱ्याच कोणीतरी गोष्ट सांगितली. ‘मित्राची गोष्ट’मधील बापूचे येथे स्मरण होते. एलेन विटलिंगर यांच्या ‘पॅरटफिश’मध्ये (२००७) पारलिंगी मुलगा स्वतः बोलू लागला. मेरेडिथ रुसो यांच्या ‘इफ आय वॉज युअर गर्ल’मध्ये (२०१६) निवेदिका आणि लेखिका दोघीही पारलिंगी आहेत. बारा वर्षांत सहानुभूतीकडून स्वानुभवाकडे हा प्रवास झाला. दलित साहित्याचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला या प्रवासाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अ‍ॅलेक्स जिनो यांची ‘जॉर्ज’ ही कादंबरी २०१५ मधली. नायिका स्वतःला मेलिसा म्हणते आणि निवेदन पहिल्या पानापासून तिला स्त्रीलिंगीच संबोधते. नायिकेला नको असलेले नाव मुखपृष्ठावर का, या प्रश्नाचा विचार करून पुढे पुस्तकाचेच नाव ‘मेलिसा’ करण्यात आले. याच पुस्तकाला अमेरिकन ग्रंथालयांत सर्वाधिक विरोध झाला; २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ते प्रथम क्रमांकावर होते. आपल्याकडेही एनसीईआरटीने २०२१ मध्ये पारलिंगी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका प्रसिद्ध झाल्यानंतर काही दिवसांतच संकेतस्थळावरून काढून घेतली गेली. मुलांच्या हाती काय द्यावे याविषयीची भीती सर्वत्र सारखीच असल्याचे यावरून दिसते.

मराठी कुमारसाहित्याची परंपरा समृद्ध आहे. साने गुरुजींचा श्याम, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तील (२००४) मुकुंद जोशी या मुलांनी वाचकांच्या पिढ्या घडविल्या. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून या वयासाठी आहे. या ठळक परंपरेच्या केंद्रस्थानी पारलिंगी मूल आलेले दिसत नाही. वस्तुतः त्याला लागणारी सामग्री या परंपरेत तयार आहे. लंपनची तरल संवेदना, ‘शाळा’तील वर्गाची निर्घृण थट्टा आणि ‘श्यामची आई’तील आईमुलाचे नाते या तिन्हींच्या आधारे अशी कादंबरी मराठी मातीतूनच उभी राहू शकेल.

अशा कादंबरीत आत्मस्वीकाराचे रूपही येथलेच असेल. पाश्चात्त्य कादंबरीत नायक पुष्कळदा घर सोडतो, शहर बदलतो आणि एकट्याने स्वतःला सिद्ध करतो. कापड्यातील मुलाच्या बाबतीत घर, भावकी, गावकी आणि मुंबईतला काका हे सर्व कथेचे भाग असणार. त्याचा आत्मस्वीकार म्हणजे आरशासमोरचा एकांतातील क्षण तर असेलच; पण त्याबरोबर गौरी-गणपतीला सगळे जमले असताना आजीने त्याला कोणत्या नावाने हाक मारली, हाही त्याचा भाग असेल. आणि मराठीच्या स्वभावानुसार कथेचा निर्णायक क्षण कदाचित एका क्रियापदात येईल. आजवर ‘मी येतो’ म्हणणारे ते मूल एके दिवशी घराबाहेर पडताना ‘मी येते’ म्हणेल आणि ओटीवरून कोणीतरी नेहमीप्रमाणे ‘ये’ म्हणेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. महाराष्ट्राच्या इतिहासात पारलिंगी किशोरवय अदृश्य नव्हते. धर्मशास्त्राने त्याला वारशाबाहेर ठेवले, वसाहतीच्या कायद्याने त्याला ताब्यात घेण्याजोगी वस्तू मानले, लोकनाट्याने त्याला सोंग म्हणून स्वीकारले आणि देवाच्या नावाने काहींवर ती ओळख लादली गेली. या प्रत्येक ठिकाणी निर्णय इतरांचा होता.

२. कथात्म साहित्याने करुणा दिली. परंतु निवेदनाचा अधिकार बहुधा दुसऱ्याकडे राहिला. २०१२ च्या आत्मकथनापासून तो अधिकार ठळकपणे स्वतःकडे आला. मात्र ते किशोरवय प्रौढाने मागे वळून पाहिलेले आहे. त्या वयाला त्याच वयात भेटणारे पुस्तक ही मराठी कुमारसाहित्याची पुढील जबाबदारी आहे.

३. लादलेली ओळख झुगारणे आणि नाकारलेली ओळख स्वीकारणे या दोन्ही कथा एकाच मूल्यावर उभ्या आहेत. अध्यापनात त्या परस्परविरोधी म्हणून न मांडता एकत्र वाचल्या जाव्यात.

४. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी उपरोक्त मराठी पुस्तके संदर्भविभागाच्या कुलुपाआड न ठेवता खुल्या मांडणीत ठेवावीत. महाडच्या सत्याग्रहाचा अभ्यास करताना वारशातून वगळलेल्यांची ती यादीही विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावी. इतिहासाचा आपल्या जगण्याशी संबंध आहे, हे त्यातून एखाद्या विद्यार्थ्याला प्रथमच जाणवू शकेल.

पुस्तक लिहिले जाईल तेव्हा जाईल. तोवर एक लहानशी गोष्ट आपणा शिक्षकांच्या हाती आहे. निबंधाच्या वहीत एखाद्या मुलाने ‘मी गेले’ असे लिहिलेले आढळते आणि आपण सवयीने लाल शाईने त्याचे ‘मी गेलो’ करतो. बहुतेक वेळा ती खरोखरच लेखनातील चूक असते. क्वचित एखाद्या वेळी ती नसते. शाई लावण्यापूर्वी त्या मुलाला जवळ बोलावून एकदा विचारावे. १८७१ च्या कायद्याला तेवढेच सुचले नव्हते.